टॅक्सी बंदच्या दिवशी: भाड्याची बस की घरून काम?

कर्मचाऱ्यांना आणायला बस लावणं सोपं वाटतं, पण ती आदल्या रात्री मिळत नाही. तेव्हा ती सगळ्यांनाच हवी असते. बंदची कुणकुण लागताच गाडी धरून ठेवा आणि बंद मागे घेतला गेला तर किती पैसे कापणार, हे लेखी घ्या. 120 जणांच्या पाळीला 40 आसनी तीन गाड्या पुरतात, पण कागदावर. एक गाडी निदर्शनांत अडकली की 40 जण एकदम गैरहजर! त्यापेक्षा छोट्या सहा गाड्या बऱ्या. थांबे मोजकेच हवेत: आठ थांब्यांवर चार-चार मिनिटं म्हटली तरी 32 मिनिटं तिथेच जातात. निदर्शनं बहुधा स्टेशन, विमानतळ, मोठे चौक इथे होतात, म्हणून थांबा दोन गल्ल्या आत ठेवा. परतीची फेरी मात्र हमखास विसरली जाते.

घरून काम स्वस्त, पण तिथे व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय) दगा देतं. त्याचे एका वेळी वापरायचे परवाने 30 असतील तर एकतिसावा माणूस बाहेरच राहतो. दोन दिवस आधी सगळ्यांना एकाच वेळी लॉगिन करायला लावा, अडचण तेव्हाच कळेल. लॅपटॉपसोबत चार्जर गेला का, तेही बघा.

हिशेब, विक्री, ग्राहकसेवा यांना सरळ घरी बसवावं. बस फक्त गोदाम, काउंटर आणि यंत्रांवरच्या लोकांसाठी. सरसकट सगळ्यांना बसमध्ये कोंबणं म्हणजे निव्वळ हौस.