ठाण्यातलं दिवाणी कायद्याचं मोफत शिबिर: दरखास्तीच्या (निकालाच्या अंमलबजावणीच्या) सेशनसाठी तरी जाच

कोर्ट नाक्यावर बार रूममध्ये या शिबिराचं पत्रक लागलं होतं तेव्हा बऱ्याच जणांनी नुसतं बघून सोडून दिलं, म्हणून मुद्दाम लिहितेय. एका ना-नफा ट्रस्टने नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये शनिवार-रविवार ठेवलं होतं, विषय फक्त दिवाणी, फी काहीच नाही, फाइल आणि जेवणाचे थोडे पैसे. शिकवायला निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि दोन-तीन सीनियर वकील. ऐकायला ठाणे, कल्याण, भिवंडी, बेलापूरकडचे वकील, आणि विशेष म्हणजे नोकरीत असलेले काही न्यायाधीशसुद्धा आमच्याच रांगेत बसले होते.

याची गरज काय तर सनद (वकिलीचा परवाना) मिळाली की आपल्याकडे वकिलाला पुढे काही शिकायची सक्तीच नाही. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, वकिलाला तसलं काही नाही, सीनियरने जे शिकवलं त्यावरच आयुष्य काढायचं. न्यायाधीशांसाठी उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, पण ते ट्रेनिंग मुख्यतः त्यांचं. त्यामुळे वकील एकीकडे शिकतात, न्यायाधीश दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडते ती थेट बोर्डावर, म्हणजे कोर्टातल्या सुनावणीत, जिथे कोणालाच वेळ नसतो. इथे दोघं एकत्र बसले हीच मोठी गोष्ट होती. सुरुवातीलाच बजावून सांगितलं होतं की चालू मॅटरबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आणि चहाच्या वेळीसुद्धा ते पाळलं गेलं.

पहिल्या दिवशी सकाळी कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, मुदत. ३० दिवस, फार तर ९० हे सगळ्यांना पाठ असतं, पण साध्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने २००५ च्या सेलम बारच्या निकालात ती मुदत अगदीच दगडावरची रेघ नाही असं म्हटलंय आणि कमर्शियल दाव्यात मात्र १२० दिवस उलटले की कैफियत दाखल करायचा हक्कच संपतो, हा फरक नीट उलगडून सांगितला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९-अ बद्दलही बोलले (कोर्टाच्या अधिकारक्षेत्राचा मुद्दा आधी ठरवा, असं सांगणारं), ते महाराष्ट्राने २०१८ मध्ये काढून टाकलंय पण जुने फॉरमॅट कॉपी-पेस्ट करून अजून त्याचे अर्ज येतात म्हणे. हा भाग ठीक होता, ज्यांची दहा वर्षं झालीत त्यांना फार नवीन नाही.

निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा, सराव मात्र छान घेतला. मनाई अर्ज एकच, पण वकिलांना न्यायाधीश केलं आणि न्यायाधीशांना वकील. प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोय कुणाची जास्त आणि भरून न येणारं नुकसान, हे तीन मुद्दे आपण अर्जात ठरलेल्या वाक्यात लिहून मोकळे होतो, पण ऑर्डर लिहायला बसलं की कळतं त्यात फॅक्ट काहीच नाहीये, लिहायचं काय? माझ्या शेजारी कल्याणचा एक ज्युनियर होता, तो अर्धा तास कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, मॅडम, यात नुकसान काय होणार तेच कुठे लिहिलं नाहीये हो. बरोबर तेच शिकवायचं होतं त्यांना.

आता दरखास्त. यासाठी मी सगळ्यांना सांगेन की बाकी काही नाही तरी रविवारची सकाळ सोडू नका. एक निवृत्त न्यायाधीश मॅडम होत्या, त्यांनी पीपीटी लावलीच नाही, एक काल्पनिक डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) सगळ्यांना वाटून दिली. चाळीतल्या खोलीचा ताबा वादीला द्यावा, एवढंच. दावा २० वर्षं चालला, मधल्या काळात चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि दरखास्त घेऊन बेलिफ (हुकूम बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) गेला तर त्या नंबरची खोलीच नाही. घोडबंदर रोड, वर्तकनगर, कळवा, कुठेही बघा, ठाण्यात हे काल्पनिक वाटतच नाही. मग त्यांनी विचारलं, चूक कोणत्या तारखेला झाली? कोणी म्हणालं निकालाच्या, कोणी म्हणालं दरखास्तीच्या. त्या म्हणाल्या, दावा दाखल केला त्या दिवशी. वादपत्रात चतुःसीमा, सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, नकाशा काही नाही, बांधकाम सुरू झालं तेव्हा दुरुस्ती अर्ज नाही, बिल्डरला पार्टी केलं नाही, आणि कोर्टानेही विचारलं नाही.

इथून पुढे त्या जे बोलल्या ते मी जवळजवळ सगळं लिहून घेतलंय. २०२१ च्या राहुल शाह निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, की ताब्याच्या दाव्यात सुरुवातीलाच पक्षकारांना विचारा तिसऱ्या कोणाचा हक्क आहे का, कागद मागवा, गरज पडली तर कोर्ट कमिशनर नेमून जागेचं नेमकं वर्णन घ्या, आणि दरखास्त ६ महिन्यांत संपवा. जमत नसेल तर कारणं लिहा. प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं लंडनचं सर्वोच्च अपील कोर्ट) १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराचे हाल डिक्री मिळाल्यावर सुरू होतात, आणि दीडशे वर्षांनी, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांकडून आकडे मागवले तर देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून असल्याचं निघालं, त्यात ३ लाखांच्या वर एकट्या मुंबई हायकोर्टाच्या हद्दीतल्या. म्हणजे ही आपलीच गोष्ट आहे. जिंकलेली माणसं आहेत ही, कोर्टाने त्यांना बरोबर ठरवलंय आणि तरी त्यांच्या हातात काही नाही, यापेक्षा मोठा अन्याय दिवाणी कोर्टात दुसरा कुठला असणार!

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम ९७ पण त्यांनी याच उदाहरणावर शिकवला, हरकत घेणारा तिसरा माणूस उभा राहिला तर वेगळा दावा करायचा नाही, सगळे प्रश्न त्याच दरखास्तीत सुटले पाहिजेत. हे सांगताना समोर बसलेले न्यायाधीश आणि वकील दोघंही लिहून घेत होते ते बघून बरं वाटलं खरं.

मीडिएशनचं सेशन दुपारी जेवणानंतर ठेवलं हे चुकलंच, लोक पेंगत होते. पण त्यातली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी, लोकअदालतीचा निवाडा डिक्रीसारखाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे अशिलाला नीट समजावल्याशिवाय सही घ्यायची नाही. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही हेही सांगितलं, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. आपल्याकडे वाटपाच्या दाव्यात येणाऱ्या किती बहिणींना हे कोणी सांगतं?

आता पैशांचं. न्यायाधीशांना कोणी मोफत शिकवत असेल तर पहिला प्रश्न हाच असायला हवा की खर्च कोण करतंय. अमेरिकेत यावरून बराच वाद झालाय, तिथे कंपन्यांच्या देणग्यांवर चाललेल्या विद्यापीठाच्या सेमिनारना न्यायाधीश जातात यावर टीका झाली, आणि दुसऱ्या बाजूला १९५६ पासूनची एक ना-नफा संस्था आहे, अमेरिकन कायदेतज्ज्ञ रॉस्को पाउंड यांच्या नावाने सुरू झालेली, आता तिला नॅशनल सिव्हिल जस्टिस इन्स्टिट्यूट म्हणतात, ती राज्यांच्या न्यायाधीशांसाठी परिषद घेते, पण तीसुद्धा मुळात नुकसानभरपाईचे दावे लढणाऱ्या वकिलांनीच उभी केलेली. म्हणजे प्रत्येकाची एक बाजू असतेच, ती उघड असली पाहिजे. मी इथल्या आयोजकांना सरळ विचारलं. ते म्हणाले वकील आणि निवृत्त लोकांच्या वैयक्तिक देणग्या, बिल्डर, बँक, विमा कंपनी कोणाचेही घेत नाही. त्यांनी न चिडता उत्तर दिलं हे आवडलं, पण मग हे पत्रकावर छापा ना, देणगीदारांच्या यादीसकट. ठाण्यात अर्धे दिवाणी दावे जमिनीचे आणि रीडेव्हलपमेंटचे, तिथे हा खुलासा विचारल्यावर मिळून चालणार नाही.

बाकी तक्रारी म्हणजे, दिलेली फाइल अख्खी इंग्रजीत आहे, आपल्या तालुका कोर्टात बरंच काम मराठीत चालतं तर निदान नमुना वादपत्र आणि दरखास्तीचा मसुदा तरी मराठीत द्यायला हवा होता. माइक मागच्या रांगांना ऐकू येत नव्हता. आणि नाजरच्या (बेलिफांवरचा कोर्टाचा अधिकारी) ऑफिसमधलं कोणीच नव्हतं. दरखास्तीवर एवढं चांगलं बोलून बेलिफची बाजू कोणी मांडली नाही, पोलीस बंदोबस्त कधी मिळतो, पंच कुठून आणायचे, कुलूप तोडायचं तर काय काय लागतं, हे सगळं त्यांनाच माहीत असतं. फीडबॅक फॉर्मवर मी हेच लिहिलंय की पुढच्या वेळी एखाद्या निवृत्त नाजर किंवा बेलिफना बोलवा आणि त्यांना पूर्ण तास द्या.

पुढची बॅच बेलापूरला घ्यायचा विचार आहे असं आयोजक म्हणाले. वाशी-नेरूळकडच्या ज्युनियर मुलामुलींनी नक्की नाव द्या, आणि सीनियरनी त्या शनिवारी त्यांना सोडा.