नाशिकच्या कॉलेज रोडवरचा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा वीकेंड क्लास: फी वसूल, पण पूर्ण नाही

क्लासचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शनिवार-रविवार सकाळी भरतो, फी १८,०००. जाहिरातीत पीएमपी, आरआयसीएस, सीआयओबी अशी अक्षरांची रांग आणि खाली बारीक अक्षरात ‘एनएसक्यूएफ मॅपिंगसह’. पीएमपी हे पीएमआय या अमेरिकी संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट, पुढच्या दोन बांधकाम क्षेत्रातल्या ब्रिटिश व्यावसायिक संस्था. एनएसक्यूएफ ही आपली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट, आणि मॅपिंग म्हणजे अभ्यासक्रम तिच्याशी जुळवलेला. माझी साइट पाथर्डी फाट्याला. २०२७च्या सिंहस्थाची टेंडरं भरायची तर साइट इनचार्जच्या नावापुढे काहीतरी हवं, असं आमच्या ऑफिसचं म्हणणं. पैसे त्यांनीच भरले, म्हणून मी गेले.

सुरुवातीची सत्रं झोप आणणारी. सीआयओबी १८३४ची, आरआयसीएस १८६८ची, पीएमआय १९६९ची... हे पीडीएफमध्ये पाठवलं असतं तरी चाललं असतं.

क्लासला रंग चढतो तो सर साइटवरचा प्रश्न टाकतात तेव्हा. स्लॅबचं काँक्रीट अर्ध्यावर आलंय, दुपारचे चार वाजलेत, काँक्रीट आणणारा पुढचा ट्रान्झिट मिक्सर द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय. बोला. मागच्या बाकावरचे एक कॉन्ट्रॅक्टर दादा लगेच म्हणाले, “सर, स्टॉपर लावायचा आणि चहा मागवायचा!” (स्टॉपर म्हणजे काँक्रीट थांबवायचं तिथे लावायची फळी.) सगळे हसले, पण सरांनी तेच उत्तर फळ्यावर घेतलं आणि दोन रकाने पाडले.

डावीकडे आपली पद्धत. एनएसक्यूएफच्या क्वालिफिकेशन पॅकमध्ये प्रत्येक कामाचे निकष लिहिलेले असतात आणि तपासणारा ते बघून खुणा करतो. स्टॉपर स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या भागात, जिथे शिअर (कातरणारा जोर) कमी असतो तिथे लावला का? काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब पुरेसे भरले का? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार सॅम्पल. रजिस्टरला नोंद झाली का? उजवीकडे आरआयसीएसच्या तीन पायऱ्या: माहीत असणं, करता येणं आणि कारणांसह सल्ला देता येणं. तिसऱ्या पायरीला स्टॉपर कुठे लावला यावर भागत नाही. थांबायचं की दुसऱ्या प्लांटवरून माल उचलायचा, क्लायंटला काय सांगितलंत, कोणता पर्याय का सोडलात, हे विचारतात. ३,००० शब्दांची केस स्टडी लिहायची आणि तासभर मुलाखतीत तिची उलटतपासणी.

दादांचा डावा रकाना गच्च भरला, उजवा कोरा. शेजारी मुंबईच्या एका कन्सल्टन्सीत प्लॅनिंग बघणारा पोरगा, त्याचा उजवा रकाना झकास, पण स्टॉपर कुठे लावायचा ते सांगता येईना. इथे माझी फी वसूल झाली.

परदेशी ते भारी असं मला तरी वाटत नाही. आपली चौकट खालच्या फळीत मजबूत आहे. आमच्या साइटवरच्या मिस्त्रींनी शाळा सातवीत सोडली, पण आरपीएलमधून, म्हणजे आधीच्या अनुभवाला मान्यता देणाऱ्या योजनेतून, त्यांच्या हातच्या कामाला सर्टिफिकेट मिळालं. आरआयसीएसकडे त्यांच्यासाठी काय आहे? आपलं घोडं अडतं ते वर, निर्णय घेणाऱ्या माणसाला कसं जोखायचं तिथे.

आता तक्रारी. मॅपिंगची जाहिरात करता, मग आयएस १५८८३ एकदा तरी उघडायला नको? बांधकाम प्रकल्प व्यवस्थापनावरचं आपलं स्वतःचं मानक, पहिला भाग २००९चा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६चा सातवा भाग तर याच विषयाला वाहिलेला. दोन्हींचा उल्लेखसुद्धा नाही.

कॉन्ट्रॅक्टच्या सत्रात फिडिक, म्हणजे आंतरराष्ट्रीय कॉन्ट्रॅक्टचे ठरलेले नमुने, छान शिकवलं. क्लेमची (जादा पैसे किंवा मुदत मागायची) नोटीस २८ दिवसांत लेखी द्यायची. “साहेबांच्या कानावर घातलंय” याला तिथे काडीची किंमत नाही. पण अर्धा वर्ग पीडब्ल्यूडीच्या बी-१, बी-२ या नमुन्यांतल्या टेंडरवर पोट भरणारा! त्यांनी आपापल्या टेंडरबद्दल विचारलं की “ते नंतर घेऊ”. ते ‘नंतर’ आलंच नाही.

आणखी एक, कारण दर बॅचला कुणीतरी विचारतं: या सर्टिफिकेटवर महापालिकेचं इंजिनिअर लायसन्स मिळत नाही. त्याची पात्रता २०२०च्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीमध्ये वेगळी दिलेली आहे. आर्किटेक्टांना १९७२चा कायदा आहे, आपल्या इंजिनिअरांना देशपातळीवर तसा काही नाही. सरांनी हे पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं, त्याबद्दल मार्क.

साइटवर चार-पाच वर्षं घासलेल्यांनी जरूर जावं. पीएमपीला लागणारे ३५ तासही यात भरतात. नुकतं पास झालेल्यांनी घाई करू नये, त्यांचे दोन्ही रकाने कोरे राहतील. मॉक मुलाखतीचे पैसे वेगळे घेतात आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही, तेव्हा आधीच विचारा. ती सर स्वतः घेणार का, हेही विचारा. आमच्या वेळी एका नवख्या मुलाला पाठवलं, त्याने कागदावरचे प्रश्न वाचून दाखवले आणि उत्तर संपायच्या आत पुढच्या प्रश्नावर गेला.