होडीवरच्या सूक्ष्मदर्शकाला भिंग कोणतं घ्यावं?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून होडी बंदराबाहेर पडली की इंजिनाची थरथर थेट फळीवरच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचते. काचपट्टीवर खाऱ्या पाण्याचा थेंब, त्यात झटके देत फिरणारा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातला इवलासा जीव. त्याच्या लांब शृंगिका दिसल्या म्हणेपर्यंत पुन्हा धूसर. मी आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतं तसं कॉइल-चुंबकाने पुढेमागे सरकून विजेवर फोकस जुळवणारं भिंग बसवलं होतं. ते स्प्रिंगवर तोललेलं, म्हणून थरथरीबरोबर तेही हलायचं. किनाऱ्यावरच्या टेबलाला ते स्वस्त आणि पुरेसं आहे, होडीवर नको.

विजेवरच फोकस बदलणाऱ्या द्रवस्फटिकाच्या (लिक्विड क्रिस्टल: द्रवासारखं वाहणारं, पण रेणू एका दिशेने रचलेलं द्रव्य) भिंगात हलणारा सुटा भागच नाही. दोन सपाट काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर, एका काचेवरच्या वीजवाहक पडद्याला गोल छिद्र. काही व्होल्ट दिले की कडेचे रेणू जास्त कलतात, मधले कमी. मध्यभागी अपवर्तनांक (प्रकाशाला किती मंदावतो त्याचं माप) जास्त राहतो आणि प्रकाश एकवटतो. संशोधक सातो यांनी जपानमध्ये १९७९ साली वक्र काचेत द्रवस्फटिक भरून भिंग केलं. छिद्राची युक्ती त्यानंतरची.

आकार लहान असेल तरच यात खरी ताकद आहे. त्रिज्या ०.१ मिमी, थर २५ मायक्रॉन, अपवर्तनांकातला फरक ०.२ धरला तर नाभीय अंतर सुमारे १ मिमी येतं. त्याच थरात त्रिज्या १ मिमी केली की ते १०० मिमी! ताकद वाढवायला थर दुप्पट केलात तर वीज काढल्यावर रेणूंना पूर्वस्थितीत यायला वेळ साधारण चौपट. म्हणून कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सूक्ष्म भिंगांची जाळी मांडायची असेल तर हेच घ्या.

एकच मोठं भिंग हवं असेल तर तेल आणि खारं पाणी यांच्या सीमेची वक्रता विजेने बदलणारं द्रव भिंग मला बरं वाटतं. त्याला दहा-वीस व्होल्टच्या वर दाब लागतो, पण ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी चाळणी, लागत नाही. द्रवस्फटिकाला साधारणपणे ध्रुवक लावावा लागतो आणि निम्मा उजेड तिथेच जातो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हे फार जाणवतं.

द्रवस्फटिकच ठरलं तर आत काय भरलंय ते आधी विचारा. ५सीबी नावाचा द्रवस्फटिक सुमारे ३५ अंश सेल्सिअसवर साधा द्रव होतो, भिंग संपलं. मे महिन्यात बंद पेटी उन्हात राहिली की तेवढं तापमान सहज होतं. ई७ हे द्रवस्फटिकांचं मिश्रण जवळपास ६० अंशांपर्यंत टिकतं. आणि बॅटरी सरळ जोडू नका: डीसीने आयन कडेला साचतात, भिंग हळूहळू बिघडतं. सुमारे १ किलोहर्ट्झचा एसी देणारं छोटं सर्किट सोबतच मागवा.