एलन विल्किन्सन यांची कारकीर्द वाचायची तर: ‘हिस्टॉरिक हॅन्सर्ड’ या मोफत सेवेचं परीक्षण

बडोद्यात राज्यशास्त्र किंवा इतिहास शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना ब्रिटिश राजकारणातल्या एखाद्या बाईंवर प्रकल्प करायचा असला, की बहुतेकांची गाडी मार्गारेट थॅचर यांच्यापाशीच थांबते, कारण मजकूर हाताशी असतो. मजूर पक्षाच्या खासदार आणि पुढे शिक्षणमंत्री झालेल्या एलन विल्किन्सन यांच्यासारख्या बाईंवर आपल्याकडे फारसं काही मिळत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. त्यांची संसदेतली भाषणं आणि प्रश्न घरबसल्या वाचता येतात. फक्त ही सेवा कशी वापरायची ते माहीत हवं, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासातच माणूस कंटाळून उठतो.

‘हिस्टॉरिक हॅन्सर्ड’ म्हणजे ब्रिटिश संसदेने 1803 ते 2005 या काळातल्या कामकाजाचे छापील खंड स्कॅन करून उघडलेलं दप्तर. नावनोंदणी नाही, शुल्क नाही. पानं साधी आहेत, मोबाइलवरही उघडतात. मजकूर इंग्रजीत आहे, पण 1909 पासून अहवाल संसदेच्या स्वतःच्या लेखनिकांनी प्रथमपुरुषी घेतलेला असल्यामुळे वाचायला जड जात नाही. विल्किन्सन पहिल्यांदा निवडून आल्या 1924 मध्ये, मिडल्सबरो ईस्टमधून. त्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या निवडून आलेल्या त्या एकट्याच बाई. म्हणजे त्यांची सगळी कारकीर्द या चांगल्या काळात येते.

सुरुवात शब्द टाकून शोधण्यापासून करू नका. ‘जॅरो’ (त्यांचा नंतरचा मतदारसंघ) एवढंच टाकलं तर त्या गावाचं नाव घेतलेला प्रत्येक खासदार समोर येतो आणि आपल्या बाई त्या गर्दीत हरवतात. व्यक्तींच्या यादीत जा, आडनावाचं अक्षर निवडा, नावावर टिचकी मारा. मग वर्षांप्रमाणे याद्या दिसतात. वर्ष उघडलं की त्या वर्षीचे प्रश्न आणि भाषणं तारखेनिशी येतात. दुसरा रस्ता बैठकांचा: दशक, वर्ष, महिना, दिवस असं उतरत जायचं. तारीख पक्की माहीत असेल तर हाच रस्ता उत्तम, कारण बाईंच्या आधी कोण बोललं आणि नंतर कोण, हेही कळतं. व्यक्तीच्या यादीतून थेट भाषणावर उडी मारली की हा संदर्भ सुटतो.

नावांची एक गोम आहे. अहवालात खासदाराचं नाव त्या काळच्या उपाधीसह येतं. विल्किन्सन अविवाहित, त्यामुळे त्या शेवटपर्यंत ‘मिस विल्किन्सन’. मजूर पक्षाच्याच जेनी ली यांनी 1934 मध्ये खासदार अनायरिन बेव्हन यांच्याशी लग्न केलं तरी त्या ‘मिस ली’च राहिल्या. हुजूर पक्षाच्या खासदार नॅन्सी ॲस्टर मात्र ‘व्हायकाउंटेस ॲस्टर’ म्हणून सापडतात. मंत्री झाल्यावर पहिल्या उल्लेखात पद पुढे येतं आणि नाव कंसात जातं, म्हणून 1945 नंतर ‘मिनिस्टर ऑफ एज्युकेशन’ असंही शोधून पाहा.

1931 नंतर त्यांच्या नावावर काहीच दिसलं नाही तर ती सेवेची चूक समजू नका. त्या वर्षी त्या हरल्या आणि 1935 मध्ये जॅरोमधून परत आल्या. भारतीय वाचकासाठी नेमका हाच काळ महत्त्वाचा. 1932 मध्ये इंडिया लीग या भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या ब्रिटनमधल्या संघटनेच्या शिष्टमंडळातून त्या भारतात आल्या होत्या, सोबत मोनिका व्हेटली, लिओनार्ड मॅटर्स आणि कृष्ण मेनन होते. शिष्टमंडळाचा अहवाल 1934 मध्ये छापून आला. तो हॅन्सर्डमध्ये मिळणार नाही, ग्रंथालयातच मागावा लागेल. ज्यांना फक्त संसदीय नोंदींवर प्रकल्प करायचा आहे, त्यांनी ही चार वर्षं रिकामी का, हे एका वाक्यात तरी लिहावं.

आता 4 नोव्हेंबर 1936 हा दिवस उघडा. या सेवेची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे दिसतात. पार्श्वभूमी अशी: जॅरोचा पामर्स जहाज कारखाना बंद पडला. नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी या कंपनीने तो विकत घेतला आणि तिथे 40 वर्षं जहाजं बांधायची नाहीत अशी अट घातली. 5 ऑक्टोबरला 200 माणसं पायी निघाली, सुमारे 300 मैल चालून 31 ऑक्टोबरला लंडनला पोचली. सोबत ओकच्या लाकडी पेटीत, जॅरोला काम द्या असं मागणारा 11,000 वर सह्यांचा अर्ज. तो सभागृहात मांडला विल्किन्सन यांनी.

अहवालात हे सगळं जेमतेम काही ओळींत उरकतं. नवखा वाचक इथे हिरमुसतो. पण नियमच असा, की अर्ज सादर करताना त्यावर चर्चा होत नाही. खासदाराने अर्जाचा सारांश सांगायचा आणि खाली बसायचं. म्हणून त्या ओळी घाईने वाचू नका. कारखाना बंद आहे, पूर्वी जिथे 8,000 लोक कामाला होते तिथे आता फक्त 100, आणि तेही तात्पुरत्या योजनेवर. एवढ्याशा जागेत त्यांनी आकडे बसवले, विशेषणं नाहीत. त्यानंतर व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांचं उत्तर वाचा: जॅरोतली बेकारी अजून समाधानकारक नसली तरी गेल्या काही महिन्यांत सुधारली आहे, अशा अर्थाचं. आणि लगेच शेजारच्या साउथ शील्ड्सचे खासदार चूटर ईड यांचा संताप. महिनाभर चाललेल्या माणसांना काय मिळालं, हे कुठल्याही चरित्रापेक्षा या एका पानावर स्पष्ट दिसतं. पुरावा हाती येणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

हप्तेखरेदीच्या कायद्याची गोष्ट अजून वेगळी. विल्किन्सन मंत्री नव्हत्या तेव्हा त्यांनी खासगी विधेयक आणलं, त्यातून 1938 चा हायर पर्चेस कायदा झाला. त्याआधी दुकानदार शेवटचे दोनचार हप्ते राहिले असताना शिलाईयंत्र किंवा कपाट उचलून न्यायचे, भरलेले पैसेही बुडायचे. कायद्याने दुकानदाराला रोखीची किंमत आधी सांगायला लावली आणि एक तृतीयांश रक्कम भरून झाली की कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तू उचलायला बंदी केली. साधारण वस्तूंना 100 पौंडांची मर्यादा होती, मोटारीला 50, जनावरांना 500. आज ईएमआयवर फ्रिज घेणाऱ्या घरात हे सहज समजतं. सेवेत दुसऱ्या वाचनाची चर्चा सापडते, पण कलमावर कलम घासून निघतं ते स्थायी समितीत, आणि त्या समित्यांचे अहवाल वेगळे छापले जात. इथे ते नाहीत. त्यामुळे विधेयक सभागृहात परत येतं तेव्हा बदललेलं दिसतं आणि का बदललं ते कळत नाही. प्रकल्पात ‘समितीत बदल झाले’ एवढंच लिहा, कारणं अंदाजाने भरू नका.

युद्धकाळात त्या गृहसुरक्षा खात्यात हर्बर्ट मॉरिसन यांच्या हाताखाली होत्या. हवाई हल्ल्यांच्या आसऱ्यांवरची त्यांची उत्तरं आहेत, पण गुप्त बैठकांचं कामकाज अहवालात येत नसे, हे लक्षात असू द्या.

शिक्षणमंत्रिपदाचा भाग बडोदेकरांनी सर्वात आवडीने वाचावा. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. त्यामुळे शाळा, शिक्षक, इमारत आणि पैसा यांचं गणित आपल्या ओळखीचं आहे. विल्किन्सन यांच्यापुढे तेच गणित होतं: शाळा सोडण्याचं वय 14 वरून 15 करायचं, तेही बॉम्बने पडलेल्या शाळा आणि अपुरे शिक्षक असताना. तात्पुरत्या खोल्या उभारायची योजना, शिक्षकांचं जलद प्रशिक्षण, 1946 पासून शाळेत मुलांना रोज सुमारे 190 मिलिलिटर, म्हणजे एक तृतीयांश पाइंट दूध मोफत. या सगळ्यांवरचे प्रश्न वर्षवार यादीत मिळतात. मंत्रिमंडळात त्यांना हे वय वाढवण्यासाठी किती झगडावं लागलं ते मात्र इथे दिसत नाही, ते मंत्रिमंडळाच्या कागदांत आहे. युनेस्कोची स्थापना करणाऱ्या नोव्हेंबर 1945 च्या लंडन परिषदेच्या अध्यक्षाही त्याच होत्या. बडोद्याच्या ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला शिक्षणतज्ज्ञ हंसा मेहतांचं नाव आहे, तिथल्या मुलींनी या दोघी शेजारी ठेवून वाचाव्यात असं मनापासून वाटतं.

वापरताना दोन सवयी लावून घ्या. मजकूर यंत्राने ओळखलेला आहे, त्यामुळे आकडे, विरामचिन्हं आणि नावं अधूनमधून चुकतात. आकडा उद्धृत करायचा असेल तर संसदेच्या नव्या हॅन्सर्ड संकेतस्थळावर तीच तारीख उघडून पडताळा. तिथे शोधताना तारखांची चौकट आधी मागे न्या. दुसरं, संदर्भ पान क्रमांकाने देऊ नका. हॅन्सर्ड स्तंभांनी मोजतात: सभागृह, तारीख, खंड, स्तंभ. परिच्छेदाच्या सुरुवातीला जी कलमाची खूण (§) असते ती दाबली की नेमक्या त्या जागेचा दुवा मिळतो. तो लगेच वहीत उतरवा, नंतर शोधणं फार त्रासाचं होतं.

सेवेला पाचपैकी चार. एक गुण समिती-अहवालांच्या अभावाचा आणि अक्षरचुकांचा कापला.

1947 सालच्या नोंदी फार मिळणार नाहीत. 6 फेब्रुवारीला विल्किन्सन वारल्या आणि शाळा सोडण्याचं वय 15 झालं 1 एप्रिलला. त्यानंतरची उत्तरं पुढचे शिक्षणमंत्री जॉर्ज टॉमलिन्सन यांच्या नावाखाली पाहा.