अगस्त्य किती वर दिसतो? आरव्हीतल्या हिवाळ्यासाठी तीन जागा

डेट्रॉइटजवळ तीस वर्षं काढली, त्यात अगस्त्य हा तारा एकदाही दिसला नाही. दिसणारही नव्हता. ४२ अक्षांशावरून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. व्याध दिसतो, मृग दिसतो, पण व्याधाखाली जिथे नजर आपोआप जाते तिथे शेजाऱ्याचं गॅरेज. निवृत्त झाल्यावर इथल्या भाषेत ‘स्नोबर्ड’ झालो, म्हणजे बर्फ पडायला लागला की आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन दक्षिणेला पळणारे. सोबत आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण, एक १० बाय ५० ची द्विनेत्री, आणि आकाशाशी फारसं देणंघेणं नसलेली बायको. मंडळाच्या कार्यक्रमात आता दर वेळी कोणीतरी विचारतं, ‘तारे बघायला हिवाळ्यात कुठे जाऊ?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय. जागा तीनच घेतल्या आहेत: ॲरिझोनातलं क्वार्टझसाइट, टेक्सासमधलं बिग बेंड आणि फ्लोरिडा कीज.

आधी आकडे. तारा बरोबर दक्षिणेला आला की क्षितिजापासून किती अंश वर असतो, ते असं:

| जागा | अक्षांश | अगस्त्य | ओमेगा सेंटॉरी (तारकागुच्छ) | त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा |
|---|---|---|---|---|
| क्वार्टझसाइट | ३३.६ | ४ | ९ | दिसत नाही |
| बिग बेंड | २९.२ | ८ | १३ | दिसत नाही |
| फ्लोरिडा कीज | २४.६ | १३ | १८ | २ |
| पुणे (आठवणीसाठी) | १८.५ | १९ | २४ | ८ |

चार अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांपेक्षा थोडं जास्त. त्या उंचीवरचा अगस्त्य लालसर, मिणमिणता दिसतो. दक्षिणेला डोंगर आडवा आला तर तोही नाही.

क्वार्टझसाइट

इथे लोक तारे बघायला येत नाहीत, स्वस्तात राहायला येतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं मोठं वाळवंटी माळरान आहे. ते सरकारी जमीन खात्याकडे आहे आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढा हंगाम तिथे मुक्काम करता येतो. आम्ही परवाना घेतला तेव्हा सगळ्या हंगामाचे १८० डॉलर पडले. कीजमध्ये खाजगी कॅम्पग्राउंडला दोन रात्रींना तेवढे सहज लागतात. अर्थात वीज नाही. सोलर पॅनल आपले, टाकी आपली. पाणी भरायला आणि सांडपाणी सोडायला एका ठरावीक जागी जायचं.

आकाश चांगलं आहे, पण अप्रतिम नाही. फिनिक्स दोनशे किलोमीटरवर असूनही पूर्वेला त्याच्या उजेडाचा फिकट घुमट दिसतो. हायवेवर ट्रक रात्रभर चालतात. जनरेटर रात्री दहाला बंद करायचा नियम आहे, दिव्यांना तसं बंधन नाही. शेजारी आरव्हीच्या छपराखाली रंगीत दिव्यांची माळ लावून बसला की झालं. जानेवारीत आरव्हीचं मोठं प्रदर्शन भरतं आणि माळावर जत्रा होते. ते दिवस टाळा, किंवा माळाच्या दक्षिण टोकाला, शेवटच्या गाडीच्याही पुढे जागा धरा.

पण कोरडेपणा! दव जवळजवळ नाही. दुर्बीण संध्याकाळी बाहेर काढा, पहाटेपर्यंत आरसा लख्ख. जानेवारीत रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. मिशिगनकराला ते शरद ऋतूसारखं वाटतं, तरी दोन तास नुसतं बसून राहिलं की गुडघे बोलायला लागतात. सूर्य मावळल्यावर जमीन झपाट्याने गार होते, आणि पहिले एक-दोन तास हवा इतकी थरथरते की गुरू पाण्यात पडल्यासारखा दिसतो. म्हणून आधी जेवून घ्यायचं आणि दुर्बिणीला साडेआठनंतर डोळा लावायचा.

या जागेचा खरा फायदा मुक्कामाचा आहे. तीन महिने राहिलात तर तीन अमावस्या मिळतात. एक ढगात गेली तरी दोन उरतात.

बिग बेंड

अंधार पाहायचा असेल तर इथे. रिओ ग्रांदे नदीच्या काठचं हे राष्ट्रीय उद्यान २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे. २०२२ मध्ये त्याच्या भोवतालचा, मेक्सिकोतल्या भागासह, सुमारे ३९,००० चौरस किलोमीटरचा टापू राखीव अंधारक्षेत्र झाला. आकड्याने समजत नसेल तर असं सांगतो: पहिल्या रात्री मला मृग सापडायला वेळ लागला. इतके तारे, की ओळखीची आकृती गर्दीत हरवली. फेब्रुवारीत सूर्य मावळून दीड तास झाला की पश्चिमेला एक फिकट त्रिकोणी उजेड उभा राहतो. मी त्याला लांबच्या गावाचा प्रकाश समजलो. तिकडे गाव नव्हतंच. तो राशिचक्रीय प्रकाश, सूर्यमालेतल्या धुळीवर पडलेलं ऊन. डेट्रॉइटमध्ये तो फक्त पुस्तकात होता.

मुक्कामाला रिओ ग्रांदे व्हिलेज बरं, कारण ते उद्यानातल्या खालच्या, ऊबदार भागात आहे. ऊबदार दिवसा, जानेवारीत रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. झाडं बरीच आहेत, त्यामुळे दक्षिण बघायला झाडांतून बाहेर मोकळ्यावर यावं लागतं. सलग चौदा रात्रींच्या वर राहता येत नाही. सगळा किराणा मिळणारं गाव, अल्पाइन, शंभरेक मैलांवर. रक्तदाबाच्या गोळ्या मोजून न्या. रात्री रानडुकरासारखे हावेलिना फिरतात. अंधारात घुरघुर ऐकू आली तर दुर्बिणीपाशी हलू नका, ते आपल्या वाटेने जातात. जाता-येता फोर्ट डेव्हिसच्या मॅकडॉनल्ड वेधशाळेत लोकांसाठी आकाशदर्शन असतं. ते आधी नोंदवून ठेवा.

फ्लोरिडा कीज

इथे गणित उलटं आहे. मयामीपासून की वेस्टपर्यंत एकामागे एक बेटांची माळ, त्यावरून एकच रस्ता, दोन्हीकडे वस्तीचे दिवे. तरी दक्षिणेला फक्त समुद्र, म्हणजे दक्षिण काळीभोर. आणि हवा स्थिर. पाण्याचं तापमान रात्रभर फारसं बदलत नाही, वारा समुद्रावरून सपाट वाहत येतो, म्हणून प्रतिमा हलत नाही. गुरूचे पट्टे, जोडतारे, मंगळ असेल तर मंगळ, यांसाठी या तिघांत हीच जागा. ‘विंटर स्टार पार्टी’ नावाचा हौशी निरीक्षकांचा मेळा वर्षानुवर्षं याच बेटांवर भरत आला, तो उगीच नाही.

इथला अगस्त्य समुद्राच्या वर, पांढरा, स्थिर. फेब्रुवारीच्या मध्यात तो रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेला येतो. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी समुद्रावर उभा असलेला बघून बायको म्हणाली, ‘अजून प्यायचा बाकी आहे वाटतं.’ पहाटे तीनला उठलात तर त्रिशंकू पाण्यावर टेकलेला दिसतो, खालचा तारा जेमतेम दोन अंशांवर. मग थोड्या वेळाने नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. आठ इंची दुर्बिणीतून तो गुच्छ साखर सांडल्यासारखा दिसतो. हे बघायला पूर्वी मला कोकणातल्या घरी जावं लागायचं.

आता त्रास. दव म्हणजे पाऊसच. पहिल्याच रात्री नेत्रिका, नकाशे, खुर्ची सगळं चिंब; आणि मी दवरोधक पट्टे घरी ठेवून आलो होतो. डास आहेत, त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे चिलटं. आणि जागा मिळणं हे वेगळंच प्रकरण. बाहिया होंडा स्टेट पार्कच्या जागा फ्लोरिडावाल्यांना अकरा महिने आधी घेता येतात, आपल्याला दहा. म्हणजे आपण खिडकीपाशी पोचेपर्यंत ते महिनाभर बसलेले असतात. तिथेही मुक्कामाची मर्यादा दोन आठवडेच.

रात्री अठरा-वीस अंश, अंगात साधा स्वेटर. ज्यांच्या सोबतीणीला किंवा सोबत्याला ताऱ्यांपेक्षा समुद्रकिनारा प्रिय आहे त्यांनी हा मुद्दा कमी लेखू नये. आमच्याकडे तोच निर्णायक ठरला होता.

मग कुठे?

आधी दिवस किती ते ठरवा, जागा नंतर. दोन आठवडेच असतील तर पौष किंवा माघ अमावस्येभोवती बांधा. कालनिर्णयातली वेळ भारतीय असते, इथे ती जागेप्रमाणे साडेदहा ते साडेबारा तासांनी मागे येते; पण आकाशाला एवढ्याने फरक पडत नाही. पौर्णिमेच्या आठवड्यात बिग बेंडला जाणं म्हणजे आंब्याच्या मोसमाआधी देवगड गाठणं.

पूर्ण हिवाळा मोकळा असेल आणि खिसा जपायचा असेल तर क्वार्टझसाइटला तोड नाही. टेक्सासवरूनच ॲरिझोनाला जाणार असाल तर माझा आग्रह असा: आधी अमावस्येला दहा रात्री बिग बेंड, मग दोन दिवस गाडी चालवून ला पोसा. अंधारही मिळतो, स्वस्तातला मुक्कामही. कीज या वाटेवर बसत नाही, ती वेगळी सहल आहे. गावी असताना पाहिलेलं दक्षिणेचं आकाश परत हवं असेल तर मात्र बाकी दोन्ही सोडून तिकडेच जा. नवी मोठी दुर्बीण कुठल्याच जागेसाठी घेऊ नका. द्विनेत्री, लाल टॉर्च आणि मान टेकता येईल अशी आरामखुर्ची पुरते.

आम्ही येत्या फेब्रुवारीला पुन्हा कीजला निघालोय. आरक्षण एप्रिलमध्ये उघडलं त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दोन फोन घेऊन बसलो होतो. जागा तिच्या फोनवर लागली. या वेळी दवाचे पट्टे तिने आत्ताच गाडीत टाकून ठेवलेत.