रिकॉइलच्या नावाखाली विकलेलं रबर

नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, मी बावीस वर्षं मापाचं व्हर्नियर हातात धरून काढली. मिलिमीटरचे दोन शतांश इकडचं तिकडे झालं तर जॉब परत पाठवणारा माणूस मी. आणि एक लाख पस्तीस हजारांची रायफल मात्र नुसती डोळ्यांनी बघून घेतली! बायको हे अजून दर रविवारी ऐकवते.

पॅरिसला 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं आणि आमच्या नववीतल्या लेकीच्या डोक्यात नेमबाजी शिरली. वर्षभर रेंजच्या रायफलवर 10 मीटर एअर रायफल केलं, स्कोअर बरा यायला लागला. मग ओळखीतून कॉलेज रोडला एक ‘कोच’ भेटला. त्याच्याकडे जुनी जर्मन मॅच रायफल होती, ‘मोठ्या खेळाडूने सोडलेली’. बिल मागितलं तर म्हणाला, “दादा, पॉइंट वन सेव्हन सेव्हन आहे, परवानाच लागत नाही. मग कागद कशाला?”

परवान्याचं खरंच होतं. 0.177 इंच बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला तो लागत नाही. पण परवाना वेगळा आणि बिल वेगळं, हे तेव्हा सुचलं नाही. पस्तीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. रोख त्यानेच मागितले होते.

महिन्याभरात स्कोअर घसरला. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि हिची छिद्रं एकाखाली एक, उभ्या रेघेत पडायची. कोच म्हणाला, “रिकॉइल सांभाळता येत नाही तिला.” म्हणजे गोळी सुटताना रायफलचा मागे बसणारा झटका. साडेसहा हजारांचं रबर पॅड रायफलच्या खांद्याकडच्या टोकाला, बटाला लावलं, वर ‘रिकॉइल कंट्रोल’चा आठ आठवड्यांचा क्लास, अठरा हजार. क्लासमध्ये काय, तर दोरीच्या उड्या मारायच्या आणि लगेच रायफल खांद्यात गच्च दाबून धरायची. पोरगी घरी आली की डावा हात थरथरायचा.

एका रात्री सहज हिशेब मांडला. पेलेट, म्हणजे छर्रा, अर्ध्या ग्रॅमचं, रायफल साडेचार किलोची. पेलेट सुटतं सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. म्हणजे रायफल मागे येणार सेकंदाला दोन सेंटिमीटरच्या वेगाने. हवेचा धक्का धरला तर थोडी जास्त. याला सांभाळायला आठ आठवडे? स्प्रिंगच्या रायफलला चांगला झटका असतो, पण ही दाबलेल्या हवेची. सकाळी त्याला विचारलं. “दादा, थिअरी वेगळी, रेंज वेगळी.”

शेवटी दुसऱ्या रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजाकडे गेलो. त्यांनी लेकीला रायफल खांद्याला लावायला सांगितली, डोळे मिटवले, दोन श्वास घ्यायला लावले. “आता उघड. साइट कुठंय?” नेम धरायची साइट टार्गेटच्या बरीच वर. स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकणारा दांडा, तिच्या हातासाठी आधीच लांब होता. त्यावर हे रबर, घरी येऊन मोजलं तर 22 मिलिमीटर. पोरगी ट्रिगरपर्यंत पोचायला मागे झुकत होती आणि मान ताणून साइट शोधत होती. ज्याला आम्ही औषध समजत होतो त्यानेच दुखणं वाढवलं होतं.

त्यांनी रबर काढलं, बट प्लेट आत घेतली, आणि मान सरळ ठेवून डोळा आपोआप साइटमागे येईपर्यंत गाल टेकवायचा चीकपीस वर केला. पाय जरासा वळवला. पैसे घेतले नाहीत. घरी रोज कोऱ्या भिंतीवर वीस ड्राय शॉट, म्हणजे पेलेट न घालता, सांगितले. ट्रिगर दाबल्यावरही मनात दोन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही, कारण ट्रिगर सुटल्यावरही पेलेट क्षणभर बॅरलमध्येच असतं. दोन महिन्यांत स्कोअर जुन्या जागी आला.

रायफलचा हवेचा सिलिंडर भरायला घेतला तेव्हा मात्र ते थांबले. त्यावर एक चकचकीत स्टिकर होता. नखाने कोपरा उचलला, खाली कोरलेलं: 2011. अशा सिलिंडरला कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत तो मुदतीत आहे की नाही हे बघणं खेळाडूचीच जबाबदारी. आत दोनशे बारची हवा, बाहेर पोरीचा डावा हात. आम्ही सहा महिने तो तसाच भरत होतो. रेंजवाल्यांनी भरायला नकार दिला, बरोबरच केलं.

कोचला फोन केला तर म्हणाला, “तेव्हा चालत होती ना?” मग नंबर बंद. ग्राहक आयोगाकडे जायचं तर पहिला प्रश्न बिलाचा. वकील म्हणाले, यूपीआयची नोंद आहे तेवढी जपून ठेवा. ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर आलेली एक रायफलची जाहिरात दाखवली. खाली नंबर नवा होता, भाषा तीच. त्यांनी टोकन द्यायचं ठरवलं होतं. मी फोटो मोठा करून दाखवला: बट, बॅरल, साइट, सगळं झकास टिपलेलं, आणि सिलिंडरवर तोच चकचकीत स्टिकर.