प्रेक्षकांचे फोन मैफलीत घ्यायचे, तर कोणत्या कामाला?

मल्टिमीडिया संगीताच्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे मोबाईल वापरायचे ठरले, की ॲप करायचं की वेबपेज यावरच आधी चर्चा रंगते. तो प्रश्न दुसरा. फोन स्वतः वाजणार आहे, की मंचावरच्या वाजण्याला हुकूम देणार आहे, हे आधी ठरवा.

वाजणाऱ्या फोनांची परंपरा स्मार्टफोनच्याही आधीची. 2001 साली ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात, आर्स इलेक्ट्रॉनिका या कला-तंत्रज्ञान महोत्सवात कलाकार गोलान लेविन आणि सहकाऱ्यांनी ‘डायलटोन्स’ सादर केलं. प्रेक्षकांनी आधी नंबर नोंदवले, त्यांना नवे रिंगटोन पाठवले, खुर्च्या नेमून दिल्या आणि कलाकारांनी मंचावरून सुमारे 200 फोनांना कॉल लावत रचना वाजवली. आज ब्राउझरमधल्या वेब ऑडिओमुळे, म्हणजे वेबपेजलाच आवाज घडवू देणाऱ्या सोयीमुळे, फोन स्वतःच सूर तयार करतो. नेटवर्कवरून फक्त ‘आता वाज’ एवढा छोटा निरोप जातो. आवाज गर्दीच्या मधून, शेजाऱ्याच्या मांडीवरून येतो. ही जादू सभागृहाचे बडे स्पीकर करू शकत नाहीत.

मर्यादा मात्र कडक आहेत. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज जवळजवळ निघतच नाही. घंटा, थेंब, कुजबुज, सळसळ असलं काही द्या. आणि ताल फोनांवर कधीही सोपवू नका. प्रत्येक मॉडेल आवाज काढायला वेगळा वेळ घेतं, काही अँड्रॉइड तर चांगलेच रेंगाळतात. फोनांमधली घड्याळं एकमेकांशी जुळवून यातलं बरंच सावरता येतं, पण ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. 34 मीटरवरचा सूर तसाही सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचणार. तेव्हा मागेपुढे झालं तरी गोड लागेल अशीच रचना करा.

हुकूम देणारा फोन, म्हणजे मतदान, स्क्रीनवर सरकवायची पट्टी (स्लायडर) वगैरे, कागदावर जास्त आकर्षक दिसतो. ‘प्रेक्षकच संगीत घडवतात’ हे जाहिरातीत छान वाटतं. प्रत्यक्षात तीनशे जणांच्या बोटांची सरासरी काढली, की आपल्या बोटाने काय बदललं हे कुणालाच ऐकू येत नाही, आणि दोन मिनिटांत लोक मेसेज बघायला लागतात. छोटा समूह असेल, किंवा एका वेळी पाच-सहा जणांकडेच सूत्रं देऊन त्यांच्या बोटांचे ठिपके पडद्यावर दाखवणार असाल, तरच या वाटेला जा. मधली वाट मला जास्त पटते. सांग वॉन ली आणि जेसन फ्रीमन या संशोधकांच्या ‘एकोबो’ या फोनवरच्या वाद्यात (2013) सुरावट प्रेक्षक आपापल्या फोनवर वाजवतात, पण कोणत्या स्वरसंगतीत, हे मंचावरचा वादक ठरवतो. आपलं वाजवलेलं आपल्याच हातात ऐकू येतं आणि एकूण बेसूरही होत नाही.

फोनचा फक्त उजेड वापरणं सोपं आहे, पण त्याला संगीतातला सहभाग म्हणणं जरा धाडसाचं.

आता ॲप की वेबपेज. वेबपेजला क्यूआर कोड पुरतो, म्हणून एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाला तेच. पण स्क्रीनवर बोट लावल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करत नाही, म्हणून पहिल्या पानावर मोठं ‘सुरू करा’ बटण हवंच. आयफोन सायलेंटवर असेल, तर पानाचा आवाज सहसा दबतो. आणि ‘फोन सायलेंट ठेवा’ ही घोषणा तर आयोजकांनीच नुकती केलेली असते! स्क्रीन लॉक झाली की पान गप्प. फोन हलवून वाजवायचा असेल, तर सुरक्षित कनेक्शन (https) लागतं आणि आयफोनवर वेगळी परवानगी.

ॲपमध्ये या कटकटी बऱ्याच मिटतात, पण लोकांनी ते आधीच उतरवून घ्यायला हवं. दारात उभं राहून डाउनलोड करा म्हणाल, तर निम्मे करणार नाहीत. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकरच्या ‘डीप फील्ड’ या वाद्यवृंदाच्या रचनेला (2015) ॲप शोभतं, कारण तीच रचना ठिकठिकाणी पुन्हापुन्हा होते आणि संचालकाने इशारा केला की प्रेक्षकांनी बोट दाबायचं एवढंच काम असतं. आवाज फोनमध्येच असला, तर नेटवर्क बंद पडलं तरी बिघडत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीतकार डॅन डीकनच्या 2012 च्या ॲपने आणखी वेगळी युक्ती केली: सभागृहाच्या स्पीकरमधून सोडलेला सांकेतिक आवाज फोनचा माइक ऐकतो आणि सगळे फोन जुळतात, वाय-फाय लागतच नाही.

वेबपेजला मात्र वाय-फायचं गणित सोडवावंच लागतं. सगळे फोन हवेतली तीच जागा वाटून घेतात, त्यामुळे शेकडो जणांसाठी एक घरगुती राउटर ठेवणं म्हणजे फजिती. अनेक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रं) लावा. घरगुती राउटर सहसा 254 च्या आसपासच फोनांना नेटवर्कवरचा पत्ता देतात, म्हणून ती मर्यादा आधी वाढवून घ्या. शिवाय तुमच्या वाय-फायला इंटरनेट नसेल, तर काही फोन परस्पर मोबाईल डेटावर उडी मारतात आणि तुमचा सर्व्हर त्यांना सापडत नाही.

पहिलाच प्रयोग असेल, तर माझं मत: वेबपेज, वाजणारे फोन, सैल ताल, आणि रचनेतली पाच-सात मिनिटंच. तालमीला तुमचे नवेकोरे फोन ठेवा बाजूला. ओळखीपाळखीतले जुने, तडा गेलेले, बॅटरी उतरलेले फोन गोळा करा.